गोऱ्यांच्या गावात दत्तक मूल वाढवताना

कोरियन युद्ध १९५३ साली थांबलं. पुढच्या काही दशकांत तिथून सुमारे दोन लाख मुलं परदेशात दत्तक गेली. त्यातली बहुसंख्य अमेरिकेत आली आणि मिनेसोटासारख्या राज्यांत गोऱ्या घरांत वाढली. ती मोठी झाल्यावर, २००९ साली, दत्तक विषयावर संशोधन करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने त्यांना लहानपणाबद्दल विचारलं. ७८ टक्के जणांनी सांगितलं की तेव्हा आपण स्वतःला गोरेच समजायचो, नाहीतर आपण गोरे असतो तर बरं झालं असतं असं वाटायचं.

त्यांच्या आईवडिलांची माया कमी पडली नव्हती. कित्येक घरांत कोरियन जेवण व्हायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कोरियन संस्कृतीच्या शिबिराला पाठवलं जायचं. पण शिबिर आठवडाभराचं. बाकी वर्षभर शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये, किराणा दुकानात त्यांच्यासारखं दिसणारं दुसरं कुणी नसायचं. वेगळं असण्याचं सगळं ओझं घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या खांद्यावर होतं. ते तिथून उचलून आईवडिलांनी आपल्या खांद्यावर घ्यायचं, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये अशा कुटुंबांबरोबर मी काम करते. मराठीत लिहायचं कारण म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही घरांत आला आहे. फॉस्टर केअरमधून, म्हणजे आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलांना तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवण्याच्या सरकारी व्यवस्थेतून, कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचं) मूल दत्तक घेतलेली मराठी जोडपी मला भेटतात, आणि ती राहतात गोऱ्या उपनगरांत. काही घरांत एक पालक मराठी आणि दुसरा गोरा असतो. शिवाय पुण्यातल्या, पंढरपुरातल्या बालकाश्रमांतून गोऱ्या घरांत गेलेली मुलं आहेत, आणि त्यांचे आईवडील मराठी शेजाऱ्यांकडेच सल्ला मागायला येतात.

पहिली पायरी: आपला आठवडा कागदावर मांडा

मूल घरी येण्याआधी एक कागद घ्या. गेल्या आठवड्यात तुम्ही कोणाकोणाला भेटलात ते लिहा: मुलांचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, शेजारी, जेवायला आलेले मित्र, केस कापणारा, पोहायला शिकवणारी बाई, देवळातले किंवा चर्चमधले लोक. प्रत्येकापुढे वंश लिहा. त्या यादीत तुमच्या मुलाच्या रंगाचं माणूस एकही नसेल, तर येणारं मूल तिथे एकटं पडणार हे गृहीत धरा.

आता त्यातलं काय बदलता येईल ते बघा. सगळ्यात परिणामकारक उपाय महागडा आहे: घर बदलणं. नोकरी, कर्ज, म्हातारे आईवडील यांमुळे ते सगळ्यांना जमत नाही हे मला माहीत आहे. तरी मूल येण्याआधी हा विषय नवराबायकोने एकदा मोकळेपणी बोललाच पाहिजे, कारण पुढे मूल शाळेत रुळलं की जागा सोडणं आणखी अवघड होतं. घर नाहीच बदललं तर शाळा बदलता येते. दातांचा दवाखाना पाऊण तासावरच्या शहरातला निवडता येतो. शनिवारचा पोहण्याचा वर्ग, फुटबॉलचा संघ, ग्रंथालयातली गोष्टींची वेळ हेही त्या शहरातलंच निवडता येतं, म्हणजे तिथे मुलाला नेहमी तीच माणसं भेटतात. एका कुटुंबाने एवढंच केलं: रविवारचं चर्च बदललं. नव्या चर्चमध्ये दोनशे माणसांत गोरे ते दोघेच. मुलीच्या जागी राहिल्यावर कसं वाटतं हे पहिल्याच महिन्यात कळलं, असं तिची आई मला म्हणाली.

मैत्री तुमची असली पाहिजे, ही अट मी नेहमी घालते. ‘मुलासाठी’ म्हणून ओळखी काढल्या की समोरच्याला ते लगेच जाणवतं. माणसं तुमच्या मुलाला शिकवायला मोकळी बसलेली नसतात. त्यांच्या घरचं दुखणंखुपणं, वाढदिवस, सामान हलवणं यांत तुम्ही सहभागी झालात तरच ते नातं टिकतं, आणि मग मुलाला ते आपसूक मिळतं. मोठी झालेली दत्तक माणसं तुमच्या ओळखीत असतील तर फारच चांगलं. आईवडिलांना कितीही कळकळ असली तरी आतून कसं वाटतं हे त्यांनाच ठाऊक असतं. आणि पुढे दुसरं मूल दत्तक घ्यायचा विचार असेल तर ते पहिल्याच्याच वंशाचं असावं असं माझं स्पष्ट मत आहे. घरात आपल्यासारखं दिसणारं भावंड असणं ही फार मोठी सोबत आहे.

ही तयारी संस्था करून घेईल अशी वाट बघू नका. अमेरिकेत १९७२ साली नॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक सोशल वर्कर्स या संघटनेने कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या घरांत देण्याला जाहीर विरोध केला होता. वर्णद्वेषाला तोंड कसं द्यायचं हे अशा घरांत मुलांना कोण शिकवणार, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९९४ चा मल्टिएथनिक प्लेसमेंट कायदा आणि १९९६ ची त्याची दुरुस्ती आली, आणि केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थांना वंशाच्या कारणावरून दत्तक नाकारणं किंवा लांबवणं बंद झालं. मुलं वर्षानुवर्षं ताटकळू नयेत हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण १९७२ चा सवाल त्याने सुटला नाही, आणि त्याचं उत्तर आता पालकांनाच द्यायचं आहे.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडे काय विचारायचं

गोऱ्या गावातल्या डॉक्टरांनी सावळ्या त्वचेची मुलं कमी पाहिलेली असतात. भारतीय, आफ्रिकन, कोरियन वंशाच्या बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर निळसर-करडे डाग असू शकतात. ही जन्मखूण असते. आपल्याकडे त्याचं कुणाला नवल नसतं. पण पाळणाघरातल्या नवख्या बाईला ते मार लागल्याचे वण वाटू शकतात, आणि बालसंरक्षण खात्याला फोन जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना ते डाग, त्यांची जागा आणि आकार मुलाच्या नोंदीत लिहायला सांगा. एक प्रत पाळणाघराला द्या. हे काम पाच मिनिटांचं आहे, ते पुढे ढकलू नका.

भारतातून आलेल्या मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशी लहान दिसल्या की डॉक्टर लोहाचं औषध लिहून देतात. थॅलसेमिया मायनर हा रक्तातला आनुवंशिक दोष असेल तर त्या औषधाने फरक पडत नाही, म्हणून हिमोग्लोबिनची सविस्तर तपासणी मागून घ्या. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार फक्त आफ्रिकन वंशाचा आहे असंही अनेकांना वाटतं. विदर्भ आणि नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि मूल तिकडचं असेल तर हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास १९९१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांना पाळी सरासरीपेक्षा लवकर आल्याचं त्यात दिसलं. लहानपणी कुपोषण, मग एकदम भरपूर खाणं आणि झपाट्याने वाढ, याच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. छातीची वाढ आठव्या वर्षाच्या आत सुरू झाली तर हॉर्मोनच्या तज्ज्ञांना लगेच दाखवा. शिवाय मुलीचं खरं वय कागदावरच्या वयापेक्षा वेगळं असू शकतं, हेही लक्षात असू द्या.

तिसरी पायरी: केस

कृष्णवर्णीय मुलीचे केस हा आपल्या मराठी आयांना सगळ्यात घाबरवणारा भाग असतो. आपली सवय म्हणजे खोबरेल तेल चोपडायचं, न्हायला घालायचं, वाळले की फणी फिरवायची, दोन वेण्या घालायच्या. घट्ट कुरळ्या केसांना यातलं बरंचसं चालत नाही. कोरड्या केसांत फणी घातली की केस तुटतात आणि पोर रडते. चारदा असं झालं की तिला आपल्या केसांचाच राग यायला लागतो.

रविवारची सकाळ मोकळी ठेवा. रोज न्हायला घालू नका, आठवड्यातून एकदा पुरे. केस ओले करून त्यांचे चार भाग करा आणि तीन भाग चापांनी बांधून ठेवा. चौथ्या भागावर भरपूर कंडिशनर लावा, इतकं की बट बोटांतून घसरली पाहिजे. मग आधी बोटांनी, नंतर रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळांकडे या. मुळाजवळ दुसऱ्या हाताने बट धरून ठेवा, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही. गुंता सुटला की धुवा, ओलसर असतानाच न धुवायचं कंडिशनर लावा, वरून थोडं तेल लावून ओलावा आत धरून ठेवा आणि वेण्या घाला. रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा घ्या, कारण सुती अभ्रा ओलावा शोषून घेतो. वेण्या घट्ट ओढू नका, कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.

हे सगळं घरी शिका, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शहरातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या पार्लरमध्ये मुलीला घेऊन जाच. मुलगा असेल तर त्यांच्या सलूनमध्ये. तिथे तास-दीड तास बसायचं, टीव्ही चालू असतो, गप्पा चालू असतात, आणि आरशात तुमच्या पोरीसारखेच दहा चेहरे असतात. काही चुकलं तर तिथल्या बायका स्पष्ट सांगतात. ते ऐका, लिहून घ्या, पुढच्या वेळी तसं करा.

तिच्या केसांना लोक हात लावतील. दुकानात, शाळेत, आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा. तिच्या वतीने तुम्ही पुढे व्हा: “हात लावू नका. तिला आवडत नाही.” एवढं बोलून थांबा, माफी मागू नका. शाळेने वेण्यांना किंवा नैसर्गिक केसांना हरकत घेतली तर राज्याचा कायदा बघा. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा पहिल्यांदा २०१९ साली कॅलिफोर्नियात झाला आणि नंतर वीसहून जास्त राज्यांनी तसे कायदे केले.

त्वचेचं थोडक्यात: सावळ्या त्वचेलाही सनस्क्रीन लागतं, थंडीत कातडी करडी पडते तेव्हा जाडसर मलम लागतं, आणि उत्तरेकडच्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.

चौथी पायरी: रंगाबद्दल घरात बोलणं

“आम्ही रंग बघतच नाही” हे वाक्य गोऱ्या सासरी हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मुलाला मात्र त्यातून कळतं की माझ्याबद्दल जे सगळ्यांना दिसतं त्यावर घरात बोलायचं नाही. मुलं रंग बघतातच. काही महिन्यांची बाळंसुद्धा आपल्या सवयीच्या वंशाचे चेहरे जास्त वेळ बघतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने बाहुल्यांचा जो प्रयोग केला, त्यात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली होती. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्या कामाची दखल घेतली गेली.

तेव्हा तीन वर्षांच्या मुलाशी रंगाची नावं घेऊन बोला. “तुझा हात गडद तपकिरी आहे, बाबाचा गुलाबी, माझा गव्हाळ. तुला जिने जन्म दिला ती तुझ्यासारखी दिसत असणार.” पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगता येतं की काही लोक रंगावरून माणसाशी वाईट वागतात, ते चुकीचं आहे, आणि तसं झालं तर मला सांग, मी तुझ्यावर चिडणार नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला गुलामगिरी आणि नागरी हक्कांचा लढा शाळेत शिकवला जाण्याआधी घरातून कळायला हवा. मात्र त्यात फक्त दुःख सांगू नका. लढणारी माणसं, शोध लावणारी माणसं, कवी, गायक, खेळाडू हेही त्याला आधी घरीच भेटू देत.

मूल म्हणेल, “मला तुझ्यासारखं दिसायचंय.” तेव्हा “तू कित्ती छान दिसतोस!” म्हणत विषय बदलू नका. आधी विचारा: “आज काही झालं का?” बहुतेक वेळा काहीतरी झालेलं असतं.

पाचवी पायरी: आजी, आत्या, काका

हे फक्त मराठी घरांसाठी लिहिते, कारण याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. रंगाचं खूळ आपल्याकडे जुनं आहे. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ लिहिणाऱ्या समाजातून आपण आलो आहोत, आणि व्हिडिओ कॉलवर आजी प्रेमानेच म्हणते, “दुधात केशर घालून दे गं, रंग उजळेल.” किंवा, “उन्हात नको पाठवूस, आणखी काळवंडेल.”

हे पहिल्यांदा बोललं गेलं की त्याच दिवशी थांबवायचं. मुलासमोर वाद घालू नका, नंतर फोन करा. “आई, तुझा जीव आहे तिच्यावर, ते मला कळतं. पण तिच्या रंगाबद्दल आपल्या घरात असं बोलायचं नाही. तिला मराठी समजतं, आणि अर्थ नाही समजला तरी सूर समजतो.” पुन्हा झालं तर पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा झालं तर कॉल तिथेच संपवा. आजी दुखावली जाईल, पण ती मोठी आहे, सावरेल. आणि आजीला काहीतरी द्याही: तिला गोष्ट सांगायला सांगा, पाढे म्हणून घ्यायला सांगा, तिच्या हातच्या लाडवांची कृती विचारा. म्हणजे नातवंडाशी बोलायला तिला रंगाऐवजी दुसरा विषय मिळतो.

गोऱ्या नातेवाइकांना समज देण्याचं काम गोऱ्या जोडीदाराने करावं. सुनेने किंवा जावयाने ते करू नये.

सहावी पायरी: रस्त्यावरचे प्रश्न

“हिचे खरे आईवडील कोण?” “किती खर्च आला?” “किती नशीबवान मूल आहे!” हे सगळं मुलासमोरच विचारलं जातं. मंडळाच्या कार्यक्रमात आपली माणसं आणखी एक पायरी पुढे जातात: “कुठल्या जातीची आहे, काही कळलं का?”

अमेरिकेतले दत्तक-समुपदेशक मुलांना चार वाटा शिकवतात. काही न बोलता निघून जायचं. “ते खासगी आहे” म्हणायचं. थोडंसं सांगायचं. किंवा समोरच्याला नीट समजावून सांगायचं. यातलं काय करायचं हे मुलाने त्या त्या वेळी ठरवायचं, आणि काहीच न सांगणं हा उद्धटपणा नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक हवं. आपल्याकडे मोठ्यांना उत्तर द्यायलाच हवं असं शिकवतात. इथे तो नियम बाजूला ठेवा. घरी जेवताना याचा सराव करा. बाबांनी आगाऊ बाई व्हायचं, मुलाने उत्तर द्यायचं. मुलांना हे फार आवडतं.

मूल लहान असताना उत्तर तुम्ही द्याल, आणि ते प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा मुलाच्या कानांसाठी द्यायचं असतं. “खरे आईवडील?” याला “आम्हीच. आणि तिला जन्म देणारी आईही खरीच” एवढं पुरे. “नशीबवान” याला “नशीबवान आम्ही.” जन्माची, सोडून जाण्याची, बालकाश्रमाची हकिकत मात्र मुलाच्या मालकीची. ती मावशीलासुद्धा मुलाच्या परवानगीशिवाय सांगायची नाही.

सातवी पायरी: शाळा

शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि वर्षभरात ‘वंशवृक्ष काढा’, ‘बाळपणीचा फोटो आणा’, ‘डोळ्यांचा रंग आईकडून आला की बाबांकडून’ असे पाठ कधी आहेत ते विचारा. ते रद्द करा असं म्हणू नका. ‘मला सांभाळणारी माणसं’ असा मोकळा पर्याय सगळ्याच वर्गाला द्या म्हणावं. गुलामगिरीच्या किंवा भारतावरच्या धड्याच्या वेळी सगळ्या नजरा तुमच्या मुलाकडे वळू नयेत, आणि “तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?” असं त्याला विचारलं जाऊ नये, हेही आधीच बोलून घ्या. एकाच वंशाची दोन-तीन मुलं त्या इयत्तेत असतील तर त्यांना एका तुकडीत ठेवायची विनंती करता येते.

कुणी वर्णद्वेषी शब्द वापरला तर मुलाचं आधी ऐकून घ्या. “त्याला तसं म्हणायचं नसेल” हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना ईमेल पाठवा: तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, आणि शाळा काय करणार ते किती दिवसांत कळवणार. फोनवर बोलणं झालं तरी नंतर ते ईमेलने पक्कं करा. सरकारी मदत घेणाऱ्या शाळांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंशावरून होणाऱ्या छळाची दखल घ्यावीच लागते. ती घेतली गेली नाही तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. तुमचे ईमेल तेव्हा कामी येतात.

आठवी पायरी: मंडळ, भाषा, सण

तुमच्या गावाजवळ एखाद्या गोऱ्या घरात भारतातून आलेलं मूल असेल तर मंडळाच्या मराठी शाळेत त्याला बोलवा. पण बोलवायच्या आधी स्वतःच्या लोकांना चार गोष्टी सांगून ठेवा: जात विचारायची नाही, “मराठी येत नाही का?” असं हसायचं नाही, आईवडिलांसमोर त्याची कीव करायची नाही, आणि त्याला स्टेजवर ढकलायचं नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा मराठी शाळेत आली. दोन रविवार ती आईच्या कोटाला धरून दारात उभी होती. तिसऱ्या रविवारी एका काकूंनी तिला मटार सोलायला बसवलं आणि काहीही विचारलं नाही. त्यानंतर ती यायला लागली.

भारतातून आलेलं प्रत्येक मूल मराठी किंवा हिंदू घरातलं असेल असं मानू नका. पंढरपूरच्या आश्रमातलं मूलसुद्धा कानडी आईचं असू शकतं. दिवाळीचा फराळ आणि गणपती त्याला द्या, पण हीच तुझी संस्कृती असं ठासून सांगू नका. आणि त्याने कंटाळून “मला नाही यायचं” म्हटलं तर वर्षभर सोडून द्या, दार मात्र उघडं ठेवा.

नववी पायरी: तेरा वर्षांनंतर

गोंडस दिसणारा कृष्णवर्णीय मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच गावातले लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. क्लीव्हलंडमध्ये २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये टमिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन खेळत होता. पोलिस आले आणि काही सेकंदांत त्याला गोळी घातली. म्हणून खेळण्यातल्या बंदुका आणि पाण्याच्या पिचकाऱ्या घराबाहेर नाहीत, हा नियम लहानपणापासून हवा. मित्राकडे कुठली खेळणी आहेत ते आधी विचारायचं. दुकानात हात खिशाबाहेर, पावती हातात. गाडी चालवायला लागल्यावर पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, काही काढायचं असेल तर आधी सांगून सावकाश. हे शिकवताना कृष्णवर्णीय मित्राला किंवा काकाला बरोबर घ्या. तुम्ही गोरे असाल तर तुमच्यावर ही वेळ आलेली नसते, आणि मुलाला ते माहीत असतं.

आपल्यासारखी सावळी मुलंही यातून सुटत नाहीत. कॅन्ससच्या ओलेथमध्ये २०१७ साली श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याची “माझ्या देशातून चालते व्हा” असं ओरडत हत्या झाली.

या वयात मनाकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं. स्वीडनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात परदेशातून दत्तक आलेल्या तरुणांत आत्महत्येचं प्रमाण तिथे जन्मलेल्या तरुणांच्या तिपटीहून जास्त आढळलं. त्याच अभ्यासात बहुतेक मुलं नीट मोठी झालेलीही दिसली, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण झोप, खाणं, मित्र, अभ्यास यांत मोठा बदल दिसला तर थांबू नका. दत्तक आणि वंश या दोन्हींची जाण असलेला समुपदेशक शोधा. अमेरिकेत मानसिक संकटात मदत करणाऱ्या ९८८ या नंबरवर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो. तो नंबर मुलाच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

दहावी पायरी: कागद आणि मुळांचा शोध

परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना अमेरिकेचं नागरिकत्व आपोआप देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्या दिवशी जी अठरा वर्षांच्या आत होती त्यांनाच त्याचा फायदा मिळाला. त्याआधी मोठी झालेली काही माणसं आईवडिलांनी कागद पूर्ण न केल्यामुळे अजून नागरिक नाहीत. तीन वर्षांची असताना अमेरिकेत आलेल्या एका दत्तक व्यक्तीला २०१६ साली दक्षिण कोरियाला परत पाठवलं गेलं. म्हणून मूल कुठल्या व्हिसावर आलं ते बघा. आयआर-३ किंवा आयएच-३ असेल आणि मूल इथेच राहायला आलं असेल तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घरी येतं. आयआर-४ किंवा आयएच-४ असेल तर दत्तकविधान इथल्या कोर्टात पूर्ण करून नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी एन-६०० अर्ज भरावा लागतो. प्रमाणपत्र आणि पासपोर्ट दोन्ही काढून ठेवा. सोळाव्या वर्षी खिशात मावणारं पासपोर्ट कार्डही काढा. सावळ्या मुलाकडे कागद मागितले जातात.

भारतातल्या आंतरदेशीय दत्तकाला १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चौकट मिळाली, आणि २००३ साली भारताने आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या हेग कराराला मान्यता दिली. तरीही गैरप्रकार झाले. पुण्यातल्या एका संस्थेची चौकशी सीबीआयपर्यंत गेली होती. म्हणून मुलाच्या फाइलमधला प्रत्येक कागद जपून ठेवा: कोर्टाचा आदेश, बालकल्याण समितीचं पत्र, वैद्यकीय अहवाल, पहिला फोटो, आश्रमातल्या सांभाळणाऱ्या बाईंचं नाव. मूळ मराठी कागदांचं भाषांतर करून घ्या. गोऱ्या शेजाऱ्यांसाठी हे काम आपण मराठी लोक एका संध्याकाळी करू शकतो, आणि मोडी वळणाच्या सहीतलं गावाचं नावही आपल्यालाच वाचता येतं.

मुळांचा शोध घ्यायचा तर भारतात तो दत्तकविधानाचं काम बघणाऱ्या कारा या सरकारी प्राधिकरणामार्फत घ्यावा लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला दत्तक आईवडिलांबरोबर मिळून अर्ज करता येतो, त्यानंतर स्वतःचा स्वतः. त्रयस्थाला, म्हणजे एजंटाला किंवा गावातल्या ‘शोधून देतो’ म्हणणाऱ्याला, नियमांत जागा नाही. त्यांना पैसे देऊ नका. जन्मदात्या आईने ओळख लपवायची विनंती केली असेल तर तिची संमती लागते, आणि ती न मिळाल्यास मूल कुठल्या परिस्थितीत सोडलं गेलं तेवढं कळवलं जातं.

अर्ज करायचा की नाही, कधी करायचा, हे मुलाने ठरवायचं. काहींना चौदाव्या वर्षी हवं असतं, काहींना स्वतःचं मूल झाल्यावर, काहींना कधीच नाही. भारताची पहिली भेट शोधाला जोडू नका. आधी एक साधी सहल करा: पुण्याचा लक्ष्मी रोड, एसटीचा प्रवास, कुणाच्या तरी घरी राहणं. आश्रमाला जायचं असेल तर संस्थेला दोन महिने आधी लिहा, दुपारची वेळ मागा, आणि तिथून निघाल्यावर संध्याकाळचा कुठलाही कार्यक्रम ठरवू नका.